मीठ आणि काच

“मास्तर, सायबापुढं फजिती झाली तर उद्यापासनं शाळंत येऊ नका,” असं सरपंच मारुतराव ज्ञानदेव मास्तरांना सकाळीच बजावून गेले होते. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. चौऱ्याहत्तर साल, मास्तरांची नोकरी अजून कच्ची, आणि शिरूरहून तपासणीला आलेल्या साहेबांनी साऱ्या गावासमोर नेमका धडा मागितला तो मीठ आणि काचेच्या अणुरचनेचा. शाळेत साहित्य म्हणाल तर एक खडू, तोही अर्धा.

मास्तरांनी जमलेल्या गावाकडं पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. मिठाचा खडा आयताच समोर बसला होता! पुढं साहेबांसमोर खुर्चीत सरपंच, मागं भावकी, मग सतरंजीवर बाकीचे बागाईतदार आणि पार शेवटी, उघड्या जमिनीवर, बौद्धवस्ती. असली शिस्त या गावानं गटार काढताना कधी दाखवली नव्हती.

“साहेब, मिठात अणू असे रांगेत. ज्याची त्याची जागा ठरलेली. एक हलला की थरथर पार टोकापर्यंत जाते. मंडळी, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा. धुरपदाआजी, तुम्ही शेवटून धक्का द्या. हलकाच.”

“हलकाच व्हय?”

म्हातारी जन्मभर शेवटी बसलेली. तिनं सगळा जन्म दोन्ही हातांत आणला आणि दिला! वस्ती सतरंजीवर, सतरंजी भावकीवर, भावकी खुर्चीवर आणि सरपंच थेट साहेबांच्या मांडीवर. साहेबांसाठी आणलेलं पेढ्यांचं ताट सरपंचांच्या फेट्यात.

“वा! पोचली की टोकापर्यंत!” साहेब पेढे झटकत म्हणाले. “आता काच दाखवा.”

“काचेत रांग नसते, साहेब. कुणीही कुणाशेजारी. धक्का लांब जात नाही, जवळच्या दोघातिघांतच घुटमळतो.”

“कुनीबी कुनाशेजारी?” मारुतराव गरजले. “ह्ये चालायचं न्हाई!”

“मग पुन्हा मीठच करू.”

मागं धुरपदाआजीनं पदर खोचला.

“ए धुरपदे, थांब! काच करा, मास्तर, काच करा!”

गाव खिदळत विस्कटलं. मांडीला मांडी लागली आणि कुणालाही काही झालं नाही. मारुतरावांनी मात्र आजीपासून सगळ्यात लांबचा कोपरा गाठला.

“मास्तर,” आजीनं विचारलं, “काचंत जागा ठरल्याली नसती न्हवं?”

“नसते, आजी.”

आजी उठली ती मारुतरावांच्या शेजारीच जाऊन टेकली. मग धक्का दिला. लांब अजिबात गेला नाही. एकटे सरपंच हलले, ते हलतच राहिले.

“नियम तंतोतंत,” साहेब डोळे पुसत म्हणाले. “मास्तरांना कायम करा.”

पुढच्या सभेला मारुतराव दारातच थबकले.

“धुरपदाबाई कुठं बसल्यात?”

“ह्या काय, खुर्चीवर,” सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं. “या सरपंच, शेजारची जागा धरलीया तुमच्यासाठी.”

मारुतराव तडक गेले आणि पार शेवटी, उघड्या जमिनीवर बसले.