कलम सहा, उजवा बूट

हिवाळ्यात कुठल्याही कुटुंबाची नैतिक पातळी दाराच्या आतल्या दीड मीटर फरशीवरून ठरते. उरलेल्या घरात माणसं कशी वागतात, हा त्यांचा खासगी प्रश्न आहे.

पोलंडमधल्या आमच्या सुवाउकीत नोव्हेंबर ते मार्च बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बर्फात कालवलं जातं आणि बुटांवाटे चौथ्या मजल्यापर्यंत येतं (लिफ्ट नाही; मिठाला त्याची अडचण वाटत नाही). यंदा पहिल्या बर्फाच्या दिवशी आमच्या यागोदाने, वय दहा महिने, रांगत जाऊन आपल्या बाबांच्या बुटाची टाच चाटली. चव तिला आवडली. सासूबाईंनी जेवणाआधीच नियमावली लिहून दारामागे चिकटवली.

नियमावली अत्यंत दूरदर्शी आहे. जागेचे ओला, ओलसर आणि कोरडा असे तीन विभाग लाल चिकटपट्टीने आखले आहेत. कोरड्या विभागाच्या सीमेवर गुडघाभर उंचीची फळी आहे, बाळाने हद्द ओलांडू नये म्हणून. येणाऱ्याने बाहेरच्या पायरीवर प्रत्येक पाय सात वेळा आपटावा (तिसऱ्या मजल्यावरच्या बाई छताला झाडूचा दांडा ठोकून पोच देतात). मग बाकावर बसावं. कलम पाच, डावा बूट. कलम सहा, उजवा बूट. नाडी ओढू नये, सोडावी. पुढे बूट ट्रेमध्ये, टाचा भिंतीकडे. मोजे ओले आहेत का, हे सासूबाई बोट लावून ठरवतील. त्यानंतरच सपाता.

परिणाम आकड्यांत सांगता येतात. पूर्वी माझा नवरा राडेक चाळीस सेकंदांत घरात यायचा. आता अकरा मिनिटं लागतात. फरशीवरच्या डागांत एक्क्याऐंशी टक्के घट आहे. लाकूड कापायच्या गिरणीतून तो पावणेसातला येतो आणि यागोदा सातला झोपते. म्हणजे बापलेकीच्या वाट्याला रोज चार मिनिटं येतात, पण ती अतिशय स्वच्छ असतात.

नाताळच्या सुमारास यागोदा सोफा धरून उभी राहू लागली. कधीही हात सोडेल अशी लक्षणं होती.

"मी नसताना तिला चालू देऊ नका," राडेकने बाकावरून सांगितलं.

"ती काय मला विचारून चालणार आहे?" सासूबाई म्हणाल्या. "मोजा दाखव आधी."

पाहुण्यांना अर्थातच नियम सांगत नाहीत. "अहो, राहू द्या हो बूट," असं आम्ही म्हणतो, ते ऐकून पाहुणा बूट काढतो, आणि दोन्ही बाजूंचा मान राहतो. एका नळवाल्याने हे वाक्य खरं मानलं होतं. त्याच्यावर लहानपणी काय संस्कार झाले असतील, याची घरात तीन दिवस चर्चा चालली.

जानेवारीत फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला फिरतात. फादरना बूट काढायला सांगावं का, यावर नियमावली मौन बाळगते. सासूबाईंनी आठवडाभर विचार केला. फळी मात्र काढून ठेवली, कारण धर्मगुरूला उडी मारायला लावणं बरं दिसलं नसतं. मी टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि पवित्र पाण्याची वाटी हातात घेऊन उभी राहिले.

पावणेसातला फादर आले. त्यांच्या मागोमाग पायऱ्या चढून राडेक.

सासूबाईंच्या तोंडून सवयीने गेलं, "फादर, राहू द्या हो बूट."

"देव तुमचं भलं करो," फादर म्हणाले. त्या दिवशीचं बाविसावं घर होतं. ते सरळ आत आले. ओला, ओलसर, कोरडा, असे नऊ ठसे.

सासूबाई फडकं घेऊन गुडघ्यांवर त्यांच्या मागे निघाल्या. फादर वळले, त्यांना तसं पाहून गहिवरले आणि म्हणाले, "बाई, अशी श्रद्धा आता दिसत नाही हो." त्यांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. सासूबाईंनी तेवढ्यात सहावा ठसा पुसला.

राडेक बाकावर होता. कलम सहा चालू होतं. नाडीची गाठ बर्फाने घट्ट झाली होती आणि त्याची मान खाली होती.

यागोदाने बाबांना पाहिलं. फळी नव्हती. तिने सोफा सोडला आणि दोन्ही हात पुढे करून निघाली. एक, दोन, तीन, चार. चौथं पाऊल फादरच्या ठशात पडलं आणि पचकन आवाज झाला.

"थांब, ओलं आहे," राडेक वर न बघता म्हणाला.

पोर आज्ञाधारक आहे. ती थांबली आणि खाली बसली.

मग त्याने वर पाहिलं. बसलेलं बाळ तो रोजच बघतो.

"चालत आली?" त्याने मला विचारलं. मी वाटी हातात धरूनच मान हलवली.

"किती?"

"चार."

"कोरडं असतं तर पाच टाकली असती," सासूबाई टेबलाखालून म्हणाल्या.

एक बूट पायात, एक ट्रेमध्ये, असा राडेक ओल्यातच तिच्यासमोर बसला आणि तिच्या तळव्याचं मीठ अंगठ्याने पुसत राहिला. त्यावर कुठलं कलम लागतं, हे कुणीच काढलं नाही. तिच्या चौथ्या पावलाचा ठसा मात्र रविवारपर्यंत तिथेच होता. त्या भागातली फरशी पुसायची पाळी माझी असते.

नियमावली अजून लागू आहे. तुमच्याकडे बर्फ नाही, मीठ फक्त स्वयंपाकघरात असतं, त्यामुळे हे सगळं तुम्हाला जरा अतीच वाटलं असेल. काल संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा कोणीतरी धावत दारापर्यंत आलं होतं. तुम्ही त्याला पहिलं वाक्य काय म्हणालात, तेवढं आठवून पाहा. नाहीच आठवलं, तर त्यालाच विचारा.