निळं काही उतरेना!

खिडकीच्या कट्ट्यावर सहा बाटल्या होत्या. प्रत्येकीत शंभर मिलिलिटर निळं पाणी. पैकी पाचांत संत्र्याच्या सालींपासून बनवलेले कार्बनचे कण, दहा-दहा मिलिग्रॅम. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढा एक कण! सहावी बाटली नुसत्या निळ्या पाण्याची, तुलनेपुरती. शेजारी त्याच निळ्या रंगाच्या दाट द्रावणाची कुपी आणि ड्रॉपर. एवढ्यासाठी घरच्यांनी सलग एकोणीस दिवस संत्री खाल्ली होती.

"आता कुणी संत्र्याचं नाव काढलं, तर मी घर सोडीन," आई म्हणाली.

"अगं, आजचाच दिवस! ऊन लागलं की माझे कण रंगाच्या चिंधड्या उडवणार. दुपारपर्यंत पाणी नितळ! बघच तू!"

लेक बोलत होती तोऱ्यात, पण घड्याळाकडे बघत. पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं: चार वाजेपर्यंत रंग उतरल्याचे आकडे पाठव, नाहीतर हा विषय बंद. म्हणजे दीड वर्षाची मेहनत पाण्यात, तेही निळ्या!

दहाला बाटल्या उन्हात ठेवून ती आतल्या खोलीत प्रबंध लिहायला बसली. अकराला येऊन रंगमापकात पाणी तपासलं. नव्याण्णव टक्के रंग शिल्लक. असू दे, कणांना जरा जाग येऊ दे! बाराला अठ्ठ्याण्णव. एकला सत्त्याण्णव! आणि पाचही बाटल्यांचे आकडे सहावीशी तंतोतंत जुळलेले, कॉपी केलेल्या उत्तरपत्रिकांसारखे. म्हणजे कण असून नसून सारखेच.

"बाबा, माझ्या कणांच्यानं काही होत नाही हो," ती रडवेली झाली.

बाबा चौतीस वर्षं रंगाईच्या कारखान्यात रंगमास्तर होते. कापडाचा रंग तसूभर हलला, तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू लिहीत बस, बाळ. रंगाचं मी बघतो."

केवढा धीर आला तिला!

दोनच्या सुमाराला ती पाणी प्यायला बाहेर आली आणि दारातच खिळली. बाबांनी एक डोळा मिटून बाटली उजेडात धरली होती. दुसऱ्या हातात ड्रॉपर! टप, टप. मग सहाव्या बाटलीशेजारी धरून बघितलं. आणखी अर्धा थेंब. टप.

"बाबाऽऽ! काय करताय?"

"काय म्हणजे? मेळ बसवतोय! या सहाव्या बाटलीचा रंग तेवढा पक्का. बाकी पाचांचा सारखा उडतोय गं! सकाळपासून भर घालून घालून मान अवघडली. तुझ्या मालातच खोट आहे, पण तुला सांगायला जीव होईना."

"उडतोय? खरंच उडतोय?"

"अगं, पाऊण तासात फिक्का पडतो! असला कच्चा रंग मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

ती खो-खो हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आई धावत आली, तर तिचाही हात धरून "उडतोय, आई, उडतोय!" आईला वाटलं, संत्री डोक्यात गेली.

सगळं कळल्यावर बाबांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे रंग घालवायचा होता? मुद्दाम? आमच्या वेळी असल्या कामाला नोकरीवरून काढायचे!"

"राहू द्या. तुमच्यामुळेच कळलं, माझे कण तीन-तीनदा वाढलेलं पचवून परत भुकेले आहेत ते!"

सव्वादोन वाजले होते. कुपी कपाटात गेली, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. तरी आईला भरवसा नव्हता. तिनं बाबांना खुर्चीत बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांवर लोकरीची लड चढवली.

"मी गुंडा करते. हात खाली आले, तर रात्री जेवायला संत्री!"

बाबा हलले नाहीत. फक्त बाटल्यांकडे बघून मधूनच कळवळत. "गेला... बघ, गेला सगळा!"

पावणेचारला लेकीनं रंगमापक लावला. कण घातलेल्या पाच बाटल्यांत सरासरी सहा टक्के रंग शिल्लक होता, सहावीत पंच्याण्णव.