परीक्षकाने गिळलेला चहा

"बाबा, तिथं नुसती चव घ्यायची न् नंबर सांगायचा. जास्ती बोलायचं नाय." बोईसरला उतरल्यापासून जमनाने हे तिसऱ्यांदा बजावलं.

"बरं," एकनाथ तांडेल म्हणाले. तेही तिसऱ्यांदा.

माहीमच्या किनाऱ्यावर त्यांच्या जिभेचा दबदबा होता. खाऱ्या मासळीचा तुकडा चाखून ते मीठ कुठल्या आगरातलं, ते सांगत. जमना हे एकदा बालवाडीत सहज बोलून गेली आणि पुष्पलताबाईंनी वसाहतीतल्या बायकांच्या चहास्पर्धेला त्यांनाच परीक्षक ठरवून टाकलं. पुष्पलताबाई म्हणजे तारापूरच्या नव्या वीजकेंद्राच्या कामावरच्या बड्या इंजिनियरांची पत्नी आणि बालवाडीच्या अध्यक्ष. तिथे दीड वर्ष हंगामी नोकरी करणाऱ्या जमनाला कायम करायचं की नाही, हे त्याच ठरवणार होत्या.

टेबलावर पाच कप मांडले होते. पहिला गवती चहाचा. बाबांनी खिडक्या थरथरतील असा भुरका मारला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या क्रोटनच्या कुंडीत थुंकून टाकला.

पंधरा बायकांनी पदर नाकाला लावले.

"बाबा!"

"गिळला तं पुढल्याची चव कशी लागंल? मासळी काय कोन गिळून पारखतंय?" मग ते शांतपणे म्हणाले, "पात चांगली हाय, पन उन्हात सुकवलीय. जीव गेला तिचा."

"अगबाई, गच्चीवरच घातली होती!" एक बाई उद्गारल्या.

पुदिन्याचा घोट कुंडीत गेला. "कांद्याची सुरी लावलीय."

"अहो, घरात एकच सुरी आहे!"

हशा पिकला. सुंठीचा चहा बाबांनी बराच वेळ तोंडात घोळवला, तेव्हा तो करणारी लाजून लाल झाली. दालचिनीच्या कपापर्यंत बायका टाचा उंचावून कुंडीकडे बघू लागल्या.

पाचवा कप तुळशीचा. बाबांनी घोट घेतला आणि गिळला. आणखी एक गिळला. कप रिकामा करून खाली ठेवला.

"माझा!" पुष्पलताबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अख्खा प्यायले! जिंकले ना मी?"

"नाय बाय. ह्याच्यात चाखायला काय हाय? गरम पानी हाय. घसा सुकलेला, बरं वाटलं."

जमनाने डोळे मिटले. मागे कुणीतरी हसू दाबलं, ते नाकातून निसटलं.

"असं कसं?" पुष्पलताबाई जमनाकडे वळल्या. "हाच चहा बालवाडीत रोज पाजते तुला. रोज 'छान झालाय बाई' म्हणतेस. आता खरं सांग."

जमनाने बाबांकडे पाहिलं. ते समाधानाने मिशा पुसत होते. नोकरी तर गेलीच, आता बाबांना तरी खोटं पाडायला नको, असं तिने ठरवलं.

"बाई," ती म्हणाली, "मी रोज गिळते."

पुष्पलताबाईंनी स्वतःच्या किटलीतला चहा कपात ओतला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"उद्यापासून बालवाडीतला चहा तू करायचास."

"किती दिवस, बाई?"

"निवृत्त होशील तोवर."