चुडामणभाऊंची आवराआवर

एका सकाळी चुडामणभाऊंना टोपी सापडेना, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. टोपी अखेर सापडली, ती दुधाच्या पातेल्यावर. (मांजर तोंड घालील म्हणून रात्री त्यांनीच ती तिथं झाकण म्हणून ठेवली होती, पण हे त्यांना तेव्हा आठवलं नाही आणि पुढंही कधी आठवलं नाही.) सायीचा वास येणारी टोपी डोक्यावर चढवून ते उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "या घराला वळण नाही. ते आता मी लावणार."

आत भाकरी थापणाऱ्या धुरपदाबाईंचा हात क्षणभर थांबला. नवऱ्याने काही ठरवलं की दोन दिवस चूल नीट पेटत नाही, असा त्यांचा संसाराचा अनुभव होता.

चुडामणभाऊ धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत दप्तरखान्यात कारकून होते. नव्या साहेबाने येता येता त्यांच्या कपाटांवर नजर टाकून "व्हेरी गुड" म्हटलं होतं. साहेब ते खिडकीतून दिसणाऱ्या घोड्याला म्हणाला, असं कचेरीतले काही जळके लोक सांगत. पण चुडामणभाऊंची खात्री होती. दप्तराचं त्यांचं सूत्र एकच, सारखं ते सारख्यात. जमिनीचे कागद जमिनीच्या कागदांत, फौजदारीचे फौजदारीत. जे सूत्र सरकारला चालतं ते स्वयंपाकघराला का चालू नये?

त्या संध्याकाळीच त्यांनी बाह्या सरसावल्या. डबे डब्यांत, बाटल्या बाटल्यांत, पांढरं पांढऱ्यात. मीठ साखरेशेजारी गेलं, घासलेटची बाटली गोडेतेलाच्या बाटलीशेजारी गेली. दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीला असा काही वास सुटला की शेजारचे रतिलालशेठ कंदील सांडला का म्हणून विचारायला आले. चुडामणभाऊंनी ती भाजी एकट्याने संपवली, वर "आज फोडणी खमंग आहे" असंही म्हणाले. माणूस माघार घेणारा नव्हता.

एरवी धुरपदाबाईंनी हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण यंदा गोष्ट वेगळी होती. यंदा कानबाई त्यांच्या घरी बसणार होती.

श्रावणात खानदेशात कानबाई बसते म्हणजे घरात लग्नच असतं. देवी म्हणजे एक नारळ. घराण्याचा जुना नारळ, वर्षानुवर्षं तोच. त्याला नथ घालायची, डोळे लावायचे, खण नेसवायचा, चौरंगावर बसवायचं, आणि सगळ्या भाऊबंदांनी जमून देवीच्या नैवेद्याचा रोट जेवायचा. चुडामणभाऊंच्या घराण्याची कानबाई आजवर सोनगीरला, थोरले चुलतभाऊ अभिमन आबा यांच्याकडे बसत असे. तिथं धुरपदाबाई धाकटी सून. धाकट्या सुनेने भांडी घासायची, पाणी शेंदायचं, आणि देवी सजताना दारातून मान वाकवून बघायचं. लग्न झाल्यापासून त्या दारातूनच बघत होत्या. आपल्या हाताने एकदा देवीला नथ घालावी, एवढीच त्यांची हौस होती. यंदा कुणीतरी विषय काढला आणि आबांनी मिशीवर हात फिरवत म्हटलं, "बसाडा धुय्याले. पन काही उणं पडनं, तर पुढे नाव काढू नका."

म्हणून देवी आठवडाभर आधीच धुळ्याला आली. आबांची बायको ताईबाई यांनी नारळ खणात गुंडाळून, नथ त्याच खणाच्या गाठीत घालून पाठवली होती. धुरपदाबाईंनी ते गाठोडं कपाळाला लावलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

शनिवारी दुपारी त्या गोधड्या धुवायला पांझरेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "अहो, कशाला हात लावू नका हं."

"मी कशाला लावतो?" चुडामणभाऊ म्हणाले. आणि दार लोटल्या लोटल्या स्टुलावर चढले.

फळीवर एक गाठोडं होतं. त्यात खण, नथ आणि नारळ. तीन जिन्नस, तीन प्रकारचे, एकाच गाठोड्यात! दप्तरखान्यातल्या माणसाला हे बघवेल कसं? खण त्यांनी कापडांच्या पेटीत घातला. नथ दागिन्यांच्या डबीत. नारळ हळदीकुंकवाने माखला होता. तो ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ओटीच्या नारळांच्या टोपलीत टाकला. (त्यांना ओळखू आलं नाही का, असं तुम्ही विचाराल. अहो, घरातल्या पुरुषांनी देवी पाहिली ती नटूनथटून चौरंगावर बसलेली. नथ उतरवल्यावर ती कशी दिसते हे त्यांना कुठून माहीत?)

आता टोपली शिगोशीग भरली. गरजेपेक्षा जास्त ते घरात ठेवायचं नाही, हे सूत्र नंबर दोन. चुडामणभाऊंना कल्पना सुचली. उद्याच्या दर्शनाचं आमंत्रण गल्लीत द्यायचंच आहे, तर आमंत्रणाबरोबर एकेक नारळ द्यावा. टोपलीही हलकी आणि मानही मोठा. ते टोपली काखेत मारून निघाले आणि घरोघर नारळ वाटून आले. गल्लीतल्या बायका थक्क झाल्या. कारकुनाच्या हातून कुणाला आजवर सुपारीसुद्धा मिळाली नव्हती.

रविवारी सकाळी धुरपदाबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून फळीपाशी गेल्या. फळी मोकळी, लखलखीत पुसलेली.

"अहो! इथलं गाठोडं कुठाय?"

"जागच्या जागी," चुडामणभाऊ अभिमानाने म्हणाले. "खण कापडांत, नथ डबीत, नारळ नारळांत."

"आणि नारळ कुठायत?"

"गल्लीत."

धुरपदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मुकाट्याने रडायला लागल्या. "तुम्ही माझी देवी वाटून आलात हो," एवढंच त्या म्हणाल्या.

बायको रडते म्हणजे काय, हे चुडामणभाऊंनी फार दिवसांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "रडू नको. आत्ता आणतो. सरकारी दप्तरातून कागद काढतो मी, गल्लीतून एक नारळ निघणार नाही?"

"ओळखाल कसा? पुसून ठेवलात ना?" धुरपदाबाईंनी डोळे पुसले. "जुना आहे तो. पाणी आटलंय. हलवला की आतला गोटा खडखड वाजतो. आणि डोळ्याजवळ उंदराने कुरतडल्याची खूण आहे."

आबांना घेऊन येणारी सोनगीरची सर्व्हिस मोटार यायला फार वेळ नव्हता. चुडामणभाऊ टोपी घालून सुटले. देवी वाटली असं सांगायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक दारात ते गंभीरपणे म्हणत, "कालच्या नारळात एखादा खराब निघाल्याचा संशय आहे. तपासणी आहे." मग नारळ कानाशी धरून हलवत. डुबुक. पुढचं दार. डुबुक. पुढचं दार.

गल्लीतल्या लोकांना हा प्रकार नवीन होता. कचेरीतला माणूस कानाला नारळ लावतो म्हणजे त्यात काहीतरी असणार. बघता बघता त्यांच्यामागे चार बायका लागल्या.

"भाऊ, माझाही बघा हो, पाणी आहे का?"

"आमच्या सुनेला यंदा काही आहे का, तेवढं ऐका!" त्यातली एक म्हातारी म्हणाली.

"बाई, मी नारळ ऐकतोय, भविष्य नाही!"

"तेच सांगतात सगळे," म्हातारी म्हणाली आणि नारळ पुढे धरून तशीच उभी राहिली. चुडामणभाऊंनी तो हलवला. म्हातारीने हात जोडले.

रतिलालशेठच्या घरी नारळच नव्हता. शेठाणी पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, खोटं कशाला बोलू? तो खडखडत होता. असला नारळ घरात कोण ठेवतं? सुनंदाबेन आल्या होत्या, त्यांच्या ओटीत घातला."

चुडामणभाऊंचा जीव भांड्यात पडला. ते धावत सुनंदाबाईंकडे गेले. सुनंदाबाई शाळामास्तरांची बायको, फार सोज्वळ. त्या म्हणाल्या, "अगंबाई, तो होय? तो मी प्रमिलाबाईंना वाण म्हणून दिला. म्हटलं, ओटीचा नारळ आपण खाऊ नये."

"तो खडखडत होता का?"

"म्हणूनच दिला," सुनंदाबाई सोज्वळपणे म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ओटीचा नारळ आपल्याकडे कुणी फोडत नाही. तो या ओटीतून त्या ओटीत जातो. त्यातून खडखडणारा असला तर एका घरात रात्रभर टिकत नाही. ज्या नारळाला चुडामणभाऊ शोधत होते, तो साऱ्या गल्लीत सगळ्यांत जास्त वेगाने फिरणारा नारळ होता.

प्रमिलाबाई गल्लीच्या टोकाला राहत. त्यांनी तोंडाला हात लावला. "तो तर भाचीची ओटी भरायला गेला! काल शेवटच्या मोटारीने सासरी गेली पोर."

"सासर कुठलं?"

"सोनगीर."

चुडामणभाऊ त्यांच्या पायरीवरच बसले. ज्या देवीला आठवडाभर आधी मानाने धुळ्याला आणलं, तिला त्यांनी एका रात्रीत सोनगीरला परत धाडलं होतं. बदलीच्या हुकुमालाही एवढी घाई नसते.

घरी आले तर धुरपदाबाई चौरंग मांडून, खण नि नथ ताटात घेऊन वाट बघत होत्या. नवऱ्याचे रिकामे हात बघून त्यांनी ताट खाली ठेवलं. चुडामणभाऊंनी घसा खाकरला. "हे बघ, दुकानातून एक चांगला आणतो. नारळ तो नारळ. आबांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना," धुरपदाबाई म्हणाल्या. "खोट्या देवीला मी नथ घालणार नाही. मी सांगून टाकते जाऊबाईंना. पुन्हा नाही बसली कानबाई माझ्याकडे, तर नाही बसली."

तेवढ्यात दारात खोकला वाजला. अभिमन आबांचा खोकला सगळ्या भाऊबंदांच्या आधी घरात शिरत असे. मागून ताईबाई, हातात मोठी पिशवी. धुरपदाबाईंनी जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ताईबाईंच्या पाया पडल्या.

"चाल वं, कानबाईले सजाडूत," ताईबाई म्हणाल्या.

"बाई, एक सांगायचं होतं..."

"मंग सांग. पहिले हाई ले. आमनी शेजारीननी कानबाईले भेट धाडेल शे. तिनी सून काल धुय्याथून उनी, तिनी ओटीमाधला शे." आणि ताईबाईंनी फडक्यात बांधलेला नारळ पिशवीतून काढला.

खडखड.

धुरपदाबाईंनी झडप घालून फडकं सोडलं. डोळ्याजवळ उंदराची खूण! त्यांनी नारळ छातीशी धरला आणि त्यांना हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. ताईबाई वाकून बघू लागल्या आणि जागच्या जागी थिजल्या. त्या नारळाला दरवर्षी त्याच सजवत होत्या.

"माय वं! हाई ते आपली कानबाई!" त्या ओरडल्या. "मी तं हिले कवयच धाडी दिन्ही व्हती!"

मग सगळं बाहेर आलं. चुडामणभाऊंनी आपली बाजू मांडली. सारखं ते सारख्यात, साहेबाचं व्हेरी गुड, टोपली हलकी करणं, सगळं. आबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा लांब होत गेला.

"म्हंजे देवी सोनगीरले परत उनी," ते शेवटी म्हणाले. "तिले आठे पटनं नही. कौल शे हाऊ. पुढला सालपासून कानबाई सोनगीरलेच बसी."

धुळ्यातली ही मांडणी पहिली आणि शेवटची, हे चुडामणभाऊंना स्पष्ट दिसलं; आणि ते आपल्यामुळे, हेही दिसलं.

तेव्हा धुरपदाबाई बोलल्या. जेठासमोर त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी तोंड ताईबाईंकडेच ठेवलं होतं, पण आवाज असा होता की गल्लीतल्या म्हातारीलाही ऐकू जावा.

"बाई, सांगा त्यासले. आठून गयी ती यासनी चूक. तठून परत उनी ती तिनी सोतानी मर्जी! तिले सोनगीरले ऱ्हावानं व्हतं, तं तठेच ऱ्हाती. रातभर तठे ऱ्हायनी आनी सकायले पहिली मोटार धरीसन मना दारमा उनी. आते सांगा, तिले कोठे पटनं?"

देवी आपल्या मर्जीने धुळ्याला परत आली, यावर ताईबाईंनी मान डोलावली. आबांनी मिशीवर हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूने फिरवला. पुन्हा पहिल्या बाजूने फिरवला.

"बोलनं खरं शे," ते म्हणाले. "सजाड तिले."

ताईबाईंनी नथ उचलली आणि धाकट्या जावेच्या हातात दिली. धुरपदाबाईंनी ती देवीला घातली. नथ पहिल्याच खेपेला बसली. गल्लीच्या गल्ली दर्शनाला लोटली. त्या म्हातारीने तर बाहेर सांगून टाकलं की या घरची देवी आधी घरोघर जाऊन बघते आणि मगच चौरंगावर बसते.

पंगतीला आबा प्रसन्न होते. पुरणपोळीवर तूप ओढून घेत त्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर केलं, "पुढला साल बी कानबाई आठेच." धुरपदाबाईंनी पदराआड डोळे पुसले. चुडामणभाऊंनी छाती पुढे काढली. शेवटी व्यवस्थेचं चीज झालंच की.

"पन एक अट शे," आबा म्हणाले. "त्या आठवडाले चुडामनले सोनगीरले धाडी द्या. मना गोठामा ऱ्हाई. तठे बैल दावणीले बांधेल शेतस, कोनी घरोघर वाटी टाकनार नही."

पंगत खो खो हसली. चुडामणभाऊ हसले नाहीत. ते विचारात पडले होते. गोठा म्हणजे मोकळी जागा, साहेबाच्या दप्तरखान्याहून मोठी, आणि आजवर कुणी हात न लावलेली. त्यांनी घास हातातच धरून विचारलं, "आबा, बैल लावायचे कसे? वयाने की रंगाने?"

आबांनी हातातला घास पानात ठेवला.

"ते बैलच सांगतीन," ते म्हणाले. "तू फक्त लाथ लागनार नही इतला दूर उभा ऱ्हाय."