जबडा उतरला

"सहा सुया! बस्स! महिन्या-दीड महिन्यात नवरदेवासारखा दिसतो की नाही बघ!" घड्याळजीने बायकोला ऐटीत सांगितलं.

नुसती हौस नव्हती हो ती. डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवताना तो तीस वर्षं दात आवळत आला होता, झोपेतही करकर दात चावायचा. जबड्याचे स्नायू फुगून दोन्ही गालांत विटा कोंबल्यासारखे दिसायचे. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटॉक्सच्या सुयांनी स्नायू ढिले पडतील. दुखणं थांबेल, चेहराही निमुळता होईल."

त्याच्या वडिलांचा जबडा अगदी असाच होता. ते जाऊन सात वर्षं झाली होती, पण आईची स्मृती गेली आणि तिच्यापुरते ते परत आले. घड्याळजीलाच ती नवरा समजायची.

"अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर?"

"चुकलो."

"जन्मभर चुकतच आलायत तुम्ही!"

बायको हसू दाबत विचारायची, "तुम्ही सासरे झालात, मग मी कोण?" आईच्या लेखी ती पगारी नर्स होती, तीही जरा आगाऊच!

सुया टोचल्या, दुखणं थांबलं. दीड महिन्यात गाल असे उतरले की जुनी गिऱ्हाइकं त्यालाच विचारायची, "मालक कुठायत?" स्वारी खूश!

आणि एका संध्याकाळी आईने दार उघडलं, त्याला न्याहाळलं आणि दार निम्मं लोटून घेतलं.

"हे घरात नाहीत. नंतर या."

"आई, अगं मी!"

"नर्सबाई! हा मला आई म्हणतोय! पोलिसांना बोलवा!"

त्याने गालांत कापसाचे बोळे कोंबून पाहिले. "याची दाढ सुजलीय, डॉक्टरकडे न्या!" आई म्हणाली. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, "काढून घ्या हो ते औषध!"

"काढता येत नाही. चार-सहा महिन्यांत आपोआप उतरेल."

तोवर काय? आई खिडकीशी बसून राहायची. ताट तसंच. "हे आले की जेवेन."

एका दुपारी तो सिंकखाली डोकं घालून गळका पाइप आवळत होता. आई स्टूल ओढून जवळ बसली.

"प्लंबर, तुम्ही घरोघरी जाता. आमचे हे कुठे भेटले तर सांगाल? मी फार टाकून बोलायचे. रागावून गेलेत."

"रागावले नाहीत ते," तो आतूनच म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? म्हणावं, परत या. एक अक्षर बोलणार नाही मी."

"सांगतो." पान्यातून पाइप निसटला, पाण्याचा फवारा तोंडावर उडाला. बरंच झालं. रडणं त्यात खपून गेलं.

त्याने पुढच्या सुया घेतल्या नाहीत. पाचव्या महिन्यात जबडा भरू लागला, ठणकूही लागला. तोवर आई अंथरुणाला खिळली होती. आपल्याला मुलगा आहे, हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. पण एका सकाळी तिने हात लांब करून त्याचा गाल चाचपला.

"आलात?"

"आलो."

"त्या प्लंबरने निरोप दिला वाटतं. बिचारा भला माणूस होता हो," आई म्हणाली. "काम मात्र काडीचं येत नव्हतं!"