सामाईक विहिरीच्या तहाची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असो. नसल्यास निदान ऐकून तरी घेवो. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर. मुलूख ऐसा की, पूर्वेस काळी जमीन, पश्चिमेस मुरमाड माळ, मध्ये एक सामाईक विहीर. पिके ज्वारी, हरभरा आणि भांडण. विहिरीवर वाराप्रमाणे एकेका घराची पाण्याची पाळी, आणि त्यावरून दर उन्हाळ्यात युद्ध. मुलखाचा इतिहास तो इतकाच. गुरुवार गिरजामावशींचा. त्यांचा सासऱ्यांपासूनचा पानमळा, विड्याच्या वेलींचा, एक आठवडा पाणी चुकले तर मान टाकणारा. रिवाज ऐसा की, युद्ध सरले म्हणजे समस्तांनी याच मळ्याचे पान खावे, मग तह पक्का.

मग मुलखात बोअर मारणारे यंत्र आले. सरदार हैबतराव यांनी विचार केला की, पाणी कोठे आहे हे ठाऊकच आहे, उगा शोध कशास? आणि विहिरीस खेटूनच बोअर मारिला. पाण्याचा फवारा उडाला, गुलाल उधळिला, आणि मग बाकीचे सरदार ईर्ष्येस पेटून त्याच विहिरीभोवती बोअर मारिते जाहले. गिरजामावशी बांधावर येऊन बोलिल्या, "आरं, एकाच हंड्यात किती जण नळ्या घालून पिणार? माझा मळा मरंल की रं!"

हैबतराव हसून बोलिले, "मावशी, तुमचा गुरुवार कुणी काढून घेतलाय का? गुरुवार तुमचाच!"

आणि मुलूखभर ऊस डोलू लागला, आणि सरदारांचे दारी फटफट्या आल्या, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाविला, मग बोअर धूळ ओकू लागले, मग ऊस वाळला. वेलींनी मान त्याआधीच टाकिली होती.

तेव्हा समस्त सरदार कोरड्या विहिरीवर जमले आणि हैबतराव हात जोडून बोलिले, "मावशी, आमचा सोमवारबी तुम्हीच घ्या."

"आमचा मंगळवारबी घ्या," दुसरे बोलिले, आणि ऐसे करिता करिता साऱ्यांनी आख्खा आठवडा मावशींचे पदरी घातला. भांडण्याजोगे काही उरले नाही, सबब पिढ्यांचे वैर मिटले. मग तह पक्का करावा म्हणोन तबक मागविले. तबकात चुना, कात, सुपारी.

"मावशी, पान?" हैबतराव पुसते जाहले.

"पान तुमच्या उसानं खाल्लं, बाबा."

मग सरदारांनी नुसती सुपारी चघळिली आणि खाली मान घालून आपापले घरी गेले.

सारांश, मुलूख थोर, प्रजा उदार, आठवडा सारा मावशींचा. तह अद्याप कच्चा आहे.