बॉक्सची ओ

"एवढ्याशा डबीत माझा बॉक्स मावणार?" जयरामनी मुलाचं ते गिटारचं पेडल तळहातावर तोलून पाहिलं. पावभर साखरेच्या पुडीएवढं वजन.

"बॉक्स नाही मावत, पप्पा. बॉक्सचा आवाज मावतो," संघर्ष म्हणाला.

"आणि लाकूड?"

"ते इथंच राहतं."

"मग माझा काय फायदा?" संघर्षची आई शकुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मला वाटलं, ते धूड जाईल एकदाचं."

धूड म्हणजे जयरामच्या गायन पार्टीचा स्पीकरचा बॉक्स. सागवानी, कंबरेएवढा उंच, पुढं दोन मोठे स्पीकर, मागं स्क्रूनं बसवलेली फळी. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांची गॅलरी तो पंचवीस वर्षं अडवून उभा होता. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावरही जयराम तो टेम्पोत चढवून गावोगाव गायला जात. गेल्या महिन्यात चढवता चढवता कंबरेत अशी चमक भरली, की डॉक्टरांनी वजन उचलायलाच बंदी केली. आणि येत्या रविवारी मालेगावचा कार्यक्रम. तिथं मंडपवाल्याचे मोठमोठे स्पीकर होते, माइक होते, सगळं होतं. पण जयरामचं एकच म्हणणं, "बॉक्स नाही, तर मी नाही. त्याच्याशिवाय माझा आवाज मला माझा वाटत नाही. सांग त्यांना, जयराम गायचा थांबला."

संघर्ष गंगापूर रोडवरच्या एका विमा कचेरीत कामाला होता आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. बिल्डिंगनं तक्रारी केल्या म्हणून त्यानं गिटारचा आवाज वाढवणारा मोठा अ‍ॅम्प विकून हे पेडल घेतलं होतं. त्याच्या पोटात कसकसल्या अ‍ॅम्पचे आणि स्पीकरच्या बॉक्सचे आवाज भरलेले. हेडफोन लावला की कानात भरलेलं सभागृह, आणि बाहेर नुसती तारांची किरकिर. शिवाय आपल्या आवडीच्या बॉक्सचा आवाजही त्यात भरता यायचा.

"कसा भरणार?" जयरामनी विचारलं.

"हाक मारून. दारात उभं राहून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत हाक मारायची. प्रत्येक घर वेगळी ओ देतं ना? तशी हा बॉक्स कुठल्या सुराला कशी ओ देतो, ते माइकनं ऐकायचं. ती ओ एकदा पेडलला पाठ झाली, की मालेगावच्या स्पीकरमधून तुमचा बॉक्स बोलेल."

जयरामनी पेडल उलटं करून पाहिलं. "पाठांतर चांगलं आहे का त्याचं?"

"तुमच्यापेक्षा बरं असेल," शकुबाई म्हणाल्या. "परवा रवा सांगितला, तर मैदा आणला."

संघर्षनं माइक लावला, बटण दाबलं. बॉक्समधून "ऊऽऽऽ" असा खोल आवाज निघाला आणि चढत चढत "ईऽऽऽ" होऊन छताला चिकटला. खालच्या ओट्यावर बसलेले दोघे निवृत्त कर्मचारी प्रेसचा भोंगा झाला म्हणून सवयीनं उठून उभे राहिले.

मग जयरामच्या कानांवर हेडफोन आले. त्यांनी डोळे मिटले आणि आपलं नेहमीचं पद धरलं,

"हाक मारिते मी दारी,
ओऽ द्या गं कुणी घरी..."

त्यांचा चेहरा उजळला. "हाच! अगं, हाच आहे!" स्वतःचाच आवाज कानात भरल्यामुळं ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की शकुबाईंच्या हातातलं उलथनं पडलं.

दुसरा हेडफोन लावलेला संघर्ष मात्र कपाळाला आठी घालून बसला होता. "पप्पा, 'ओ'वर काहीतरी वाजतंय. टिंग."

"असू दे."

"असू दे कसं? भांड्यासारखं वाजतंय. खोलीतलंच काहीतरी माइकमध्ये आलंय. शोधतो."

"कशाला शोधतोस? छान आहे की टिंग," जयराम जरा घाईनंच म्हणाले.

पण संघर्षला चैन कुठलं! त्यानं पंखा बंद केला. टिंग. फ्रिज बंद केला. टिंग. खिडकीच्या काचांत कागदाच्या घड्या खोचल्या. टिंग. मग त्याची नजर मांडणीवर गेली.

"आई, भांडी बाहेर काढू या. सगळी."

ताटं, वाट्या, डबे, पातेली, पराती, सगळी जिन्यात रांगेनं उतरली. तळमजल्यावरचा एजंट महेश वर आला. "काका, खोली सोडताय का? माझ्याकडं एक माणूस आहे, आजच्या आज टोकन देईल." त्याला कसंबसं घालवतात तोवर खालच्या मजल्यावरून जयरामची धाकटी बहीण भागुबाई धापा टाकत आली. "दादा, काय झालं? वहिनी, भांडी का काढली?"

"मोजून काढलीत," शकुबाई म्हणाल्या. "फुलपात्रं पाच आहेत. सहावं कुठं आहे, ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक."

भागुबाईनं ओठ आवळले. हे बावीस वर्षांपूर्वीचं होतं. शकुबाईंच्या आईनं लेकीला नाव कोरून सहा फुलपात्रं दिली होती. एका वैशाख पौर्णिमेला त्यातल्या एकातून भागुबाईकडं खीर गेली. भागुबाई म्हणे, मी धुऊन परत आणून ठेवलं. शकुबाई म्हणे, आणलं असतं तर दिसलं असतं. तेव्हापासून या घरातून खाली काहीही जायचं झालं, तर ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून जायचं.

रिकाम्या घरात संघर्षनं पुन्हा हाक मारली. भोंगा झाला, खालचे दोघे पुन्हा उठले. आणि पुन्हा टिंग.

"म्हणजे आवाज बॉक्सच्या आतच आहे," संघर्ष म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन वळला. बघतो तर जयराम बॉक्सवर जाऊन बसलेले.

"अहो, खुर्ची आहे ना," शकुबाई म्हणाल्या.

"कंबरेला इथंच बरं वाटतंय."

"काल तर म्हणालात, उंचावर बसवत नाही?"

"आज बसवतंय."

"पप्पा, उठा. दोन मिनिटांचं काम आहे."

"अरे, कलाकाराच्या वाद्याचं पोट उघडत नसतात!"

शकुबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ही बसण्याची पद्धत त्यांच्या ओळखीची होती. "उठा," त्या एवढंच म्हणाल्या. जयराम उठले.

फळी निघाली. आत धूळ, कोळ्याची जाळी, आणि वरचा स्पीकर नि लाकूड यांच्या फटीत जुन्या धोतराच्या चिंधीनं आवळून बसवलेलं एक स्टीलचं फुलपात्र. संघर्षनं ते ओढून काढलं. भागुबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "चतुराबाईकडून शकुस."

तिघांच्याही माना जयरामकडं वळल्या.

"सटाण्याच्या कार्यक्रमात स्पीकर सैल झाला," जयराम जमिनीकडं बघत म्हणाले. "पाणी प्यायला मांडणीवरून हे नेलं होतं, त्याचाच टेकू दिला. आणि बॉक्स असा काही बोलायला लागला, की काढवेना. घरी आलो, तर तुमच्या दोघींचं सुरू झालेलं. म्हटलं, थंड झालं की सांगू."

"बावीस वर्षं?" शकुबाईंनी विचारलं.

"थंड झालंच नाही ना."

"दादा!" भागुबाईला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. "बावीस वर्षं मी श्रीखंडाच्या डब्यातून बटाट्याची भाजी खाल्ली रे!"

शकुबाई उठल्या. फुलपात्र घासलं, विसळलं, माठातलं पाणी भरलं आणि नणंदेपुढं धरलं. भागुबाई सावकाश प्यायली. मग तिनं ते धुऊन, पुसून, सगळ्यांच्या देखत रिकाम्या मांडणीवर ठेवलं. जिन्यातली पाचही आणून शेजारी मांडली.

"मोजा, वहिनी."

"सहा," शकुबाई म्हणाल्या, आणि कानकोंड्या होऊन चहाचं आधण ठेवायला वळल्या.

चिंधीवर नुसतं लाकूड ठोकून संघर्षनं बॉक्स बंद केला. जयराम गायले. आवाज स्वच्छ आला, आणि तिथंच विझला. 'ओ' कुणी दिलीच नाही.

"मुका झाला," जयराम म्हणाले. त्यांनी मांडणीकडं एकदा पाहिलं. पण मागायची हिंमत त्यांना होणार नव्हती, आणि हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

संघर्षचा अंगठा पेडलवर होता. सकाळची टिंगवाली पहिली ओ खराब म्हणून तो पुसायला निघाला होता. त्यानं ती न पुसताच अंगठा हळूच उचलला.

रविवारी मालेगावात मंडप भरला. जयरामच्या पिशवीत पाण्याची बाटली, कंबरेचा पट्टा आणि पेडल. आवाज लावून बघताना मंडपवाला सरफराज चार वेळा स्टेजखाली वाकला. "चाचा, खाली कुठंतरी स्टीलचा गिलास पडलाय. कसम से, मिळतच नाय."

"नको शोधू बाबा. तो घरी आहे, मांडणीवर."

सरफराजनं संघर्षकडं पाहिलं. संघर्षनं मान डोलावली. सरफराज उठून दुसऱ्या कामाला लागला.

पहिल्या रांगेत शकुबाई नि भागुबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. जयरामनी डोळे मिटून पद धरलं, "हाक मारिते मी दारी..." आणि मालेगावच्या त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून जुना सागवानी बॉक्स भरदार आवाजात बोलला, "ओऽऽ..."

टिंग!

शकुबाईंचा हात झटकन मांडीवरच्या पिशवीत गेला. फुलपात्र मांडणीवर ठेवलं तर नवरा निघताना पुन्हा उचलून नेईल, म्हणून त्या ते रुमालात गुंडाळून बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनी रुमाल चाचपला. होतं. जागच्या जागी, गप्प.

मग वाजलं कुठून?

सवयीनं त्यांची मान भागुबाईकडं वळली.

भागुबाईनं स्टेजवरची नजर न हलवता आपले दोन्ही रिकामे तळवे वहिनीसमोर धरले.